आयलं का?

टिटवाळ्याच्या नव्या बिल्डिंगीत राहायला आलो त्या पहिल्या सकाळी मी स्वयंपाकघरातला नळ सोडला, पाणी आलं आणि मी खिडकीतून जीव खाऊन ओरडले, "आलं." शेजारच्या ताई हातातलं लाटणं घेऊनच बाहेर आल्या. कोण आलं, कुठून आलं, विचारायला लागल्या. त्यांना काय सांगणार? इथे गच्चीवर टाकी आहे, नळ कधीही फिरवा, पाणी असतंच, ते आल्याचं कुणाला कळवावं लागत नाही. मी म्हटलं, काही नाही हो, सवय आहे. ताई आत गेल्या, पण अजून त्या माझ्याकडे जरा सांभाळूनच बघतात.

ही सवय कोपरच्या चाळीतली. आणि ती लावली आमच्या घरमालकांनी.

त्यांना सगळे काका म्हणायचे. उंच, काळेसावळे, कान मोठे, आणि खांद्यावर कायम एक लोखंडी चावी. कुलपाची नाही. कमरेपर्यंत येईल एवढी, वर आडवी मूठ असलेली. ते पालिकेच्या पाणीखात्यात चावीवाले होते. रस्त्याखालच्या मोठ्या नळाला लोखंडी झाकणाखाली व्हॉल्व्ह असतो. चावीवाला तो फिरवतो, मग एका भागाचं पाणी थांबतं आणि दुसऱ्या भागाला जातं. काकांनी जन्मभर हेच केलं. रिटायर झाले तेव्हा साहेबांच्या हातात चावी परत दिली, हार गळ्यात घालून घेतला आणि दुसऱ्या दिवशी लोहाराकडे जाऊन तश्शीच एक बनवून आणली. ती खांद्यावर टाकून ते बाजारात जायचे, लग्नाला जायचे. लग्नात चावी मांडवाच्या खांबाला टेकवून पंगतीत बसायचे आणि वाढणाऱ्या पोरांना सांगायचे, "तिकडनं सुरू करा रे. शेवटाकडनं." नवरीकडची माणसं विचारायची, हे कोण? नवऱ्याकडची म्हणायची, तुमच्याकडचे नाहीत का?

मी हिंगोलीकडची. पाच बहिणींतली धाकटी. सातवीनंतर शाळा सुटली ती सुटली, मग लग्न झालं आणि नवऱ्याच्या मागे इकडे आले. नवरा टेम्पो चालवतो, चार दिवस घरी तर चार दिवस वापी नाहीतर नाशिक. मला तेव्हा सगळ्याचीच भीती वाटायची. स्टेशनच्या पुलाची, रिक्षावाल्याची, दुकानात सुटे मागायची. तोंडातून "काहून" निघालं की बायका हसायच्या, म्हणून मी बोलणंच कमी केलेलं. खोली बघायला गेलो तेव्हाही मी नवऱ्याच्या मागे उभी होते. नवरा भाड्याचं बोलायला लागला तर काकांनी त्याला हातानेच थांबवलं आणि माझ्याकडे बघितलं.

"आवाज हाय का गो तुना?"

मला काही कळलं नाही. मी मान हलवली.

"मान नको हलवू. मान हितनं दिसत नाय. ओरडून दाखव."

नवऱ्याला वाटलं म्हातारा पिऊन बसलाय. पण काका सकाळी सकाळी कोरे ठणठणीत होते. त्यांनी समजावलं. चाळ एका रांगेत, त्यांच्या वडिलांच्या भातशेतीवर बांधलेली. रस्त्याकडून पाण्याची लाइन आत येते, पहिलं घर काकांचं, मग एकेक खोली, आणि रिकामी होती ती अगदी शेवटची. तिच्यापुढे भिंत आणि भिंतीपुढे खाडीचा चिखल. पाणी सकाळी थोडाच वेळ येतं. सगळे नळ एकदम सुटले तर पहिल्या घरांचे पिंप भरतात आणि शेवटच्या नळातून नुसती फुसफुस. म्हणून काकांच्या चाळीत उलटा कारभार. प्रत्येक खोलीच्या फाट्यावर त्यांनी छोटा व्हॉल्व्ह बसवलेला, सगळे आपल्या अंगणातल्या बदामाच्या झाडाखाली. आधी सगळे बंद. पाणी सोडायचं ते सरळ शेवटच्या खोलीला. तिथून आवाज आला की मग अलीकडची, मग तिच्या अलीकडची, असं करत करत सगळ्यात शेवटी स्वतःचं घर.

"तुमचं का शेवटी?" नवऱ्याने विचारलं.

"मी हितं बसलेलो असतो ना. मना दिसतंय पानी," काका म्हणाले, जसं काही यात विचारण्यासारखं काही नव्हतंच. "तिला दिसत नाय. ज्याला दिसत नाय त्याला आधी."

पहिल्या सकाळी नळाला पाणी आलं आणि मी दारात उभी राहून हळूच म्हणाले, "आलं." माझं मलाच नीट ऐकू गेलं नसेल. तिकडे काका बदामाच्या झाडाखाली उलट्या बादलीवर बसलेले, चावी हातात, कान माझ्या दिशेला. त्यांनी पुढचा व्हॉल्व्ह उघडलाच नाही. बायका हंडे घेऊन उभ्या. कुणीतरी म्हणालं, "अहो काका, तिचं घर वाहून जाईल, सोडा आता." काका म्हणाले, "अजून बोलली नाय ती." शेवटी चावी खांद्यावर टाकून सगळी रांग चालत माझ्या दारात आले.

"आयलं का?"

"आलं."

"मग बोल ना. त्या बायका तुझ्यावर डाफरतील, माझ्यावर नाय."

डाफरल्याच. दुसऱ्या दिवशी मी ओरडले. आठवड्याभरात असं ओरडायला लागले की भिंतीपलीकडचे बगळे उडायचे. एकदा पोळी-भाजी केंद्रात, जिथे मी पोळ्या लाटते तिथे, एक गिऱ्हाईक उगाच अंगावर यायला लागलं, तर मी त्याच आवाजात त्याला बाहेर काढलं. मालकीणबाई म्हणाल्या, अगं, तुझ्यात हे कुठे होतं? मला माहीत होतं कुठे होतं.

काकांनी माझं नाव कधी विचारलं नाही. ते मला "शेवटची" म्हणायचे. "शेवटचे, आज फोर्स कमी हाय, पिंप आधी भर." सुरुवातीला जरा लागायचं. घरी पाचवी, म्हणजे तिथेही शेवटचीच की. पुढे लक्षात आलं की काकांच्या तोंडी तो मान आहे. बाकीच्या भाडेकरूंना ते "ए मधल्या" म्हणायचे.

त्यांचे कान ही चाळीची एक पंचाईतच होती. कुणाच्या मोरीत नळ टपटपत असेल तर त्यांना अंगणात ऐकू यायचं. जेवणाची वेळ असो, कुणी झोपलेलं असो, काका न विचारता आत यायचे, नळ आवळायचे, जाता जाता म्हणायचे, "चालू द्या." खिशात सायकलच्या ट्यूबचे तुकडे, त्याचे वायसर कापून बसवायचे. एक लोखंडी कांब होती, तिचं एक टोक नळावर आणि दुसरं कानाशी लावून ते डोळे मिटायचे. तेव्हा चाळीत कुणी बोलायचं नाही. मग डोळे उघडून बोट दाखवायचे: हितं. तिथे खणलं की गळती सापडायचीच. निदान दोनदा सापडली आणि एकदा शेजारच्या बिल्डिंगीची केबल सापडली, पण ते तो किस्सा सांगायचे नाहीत.

माणसाचं शरीरही त्यांच्या हिशोबी एक लाइनच. माझ्या नवऱ्याच्या पोटात गुडगुडलं की, "एअर धरलंय." कुणाचं डोकं दुखलं तरी "एअर धरलंय." डोळ्यांतून पाणी यायला लागलं की "वायसर गेलाय." शाळा मीही शिकले नाही आणि तेही फारसे शिकले नसावेत, पण त्यांना जग पुरतं समजलेलं. मला त्याचा हेवा वाटायचा.

साहेबलोकांवर मात्र त्यांचा राग. एक किस्सा ते पुन्हा पुन्हा सांगायचे. नोकरीत असताना एका वस्तीच्या टोकाला पाणी पोचत नव्हतं. इंजिनिअर साहेब ऑफिसात नकाशा दाखवून म्हणायचे, प्रेशर सगळीकडे सारखं आहे. काकांनी काय केलं, साहेबांना चहाला म्हणून त्या टोकाच्या घरी नेलं. म्हातारीने स्टुलावर बसवलं. साहेब बसले, चहाची वाट बघत बसले, बसलेच. शेवटी चहा का येत नाही विचारलं, तर म्हातारी म्हणाली, पाणी आलं की ठेवते. "तवापासनं," काका म्हणायचे, "मी कागदावर इस्वास ठेवत नाय. शेवटच्या घरात उभा रहा आनि मना बोल."

तर अशा माणसाचं पोट फुगलं. काकांनी स्वतःच निदान केलं, चोकअप, आणि एरंडेल पीत बसले. उलट्या व्हायला लागल्यावर आम्ही रिक्षात घालून आधी कल्याणला आणि तिथून ठाण्याच्या मोठ्या हॉस्पिटलात नेलं. आतड्यात गाठ होती. काका खूश झाले. मी म्हटलं, काका, गाठ आहे म्हणतात, खूश काय होताय? म्हणाले, "बोललो नव्हतो, चोकअप?"

काकू जाऊन बरीच वर्षं झालेली, मुलगा कुवेतला. त्याला लगेच सुट्टी मिळेना. तो फोनवर माझ्याशी बोलताना रडायला लागला, "वहिनी, मी येईपर्यंत बघाल ना?" मी बघते म्हणाले. म्हणाले खरी, पण मला हॉस्पिटलात लिफ्टमध्ये चढायचीही भीती वाटत होती. चाळीतल्या पुरुषांनी रात्री वाटून घेतल्या, दिवस माझा.

ऑपरेशन मोठं झालं, पोट वरपासून खालपर्यंत उघडलेलं. आतड्याचा तुकडा काढून दोन टोकं जोडली. काका शुद्धीवर आले, आयसीयूतून वॉर्डात आले आणि सर्जन तपासायला आले तेव्हा पहिला प्रश्न काकांनी केला.

"जॉइन कसा मारला?"

सर्जन तरुण होते, हसरे. म्हणाले, "पिना मारल्यात, काका. बारीक बारीक."

"वायसर?"

"वायसर नाही लागत."

"टेस्टिंग केली? पानी सोडून?"

"केली. गळला नाही."

"आनि गलला तर?"

"तर मी आहेच की."

काकांना हे उत्तर पटलं. त्यांनी डॉक्टरांना "मानूस कामाचा हाय" असं माझ्याकडे बघून सर्टिफिकेट दिलं.

पण खरी अडचण पोटात नव्हती, छातीत होती. टाके दुखतात म्हणून काका श्वास वरचेवर घ्यायचे, चिमणीएवढा. खोल श्वास नाही, खोकणं नाही. डॉक्टरांनी मला सोप्या भाषेत सांगितलं की अशाने फुफ्फुसाचा खालचा भाग मिटून बसतो, तिथे हवाच जात नाही आणि रक्तातला ऑक्सिजन कमी पडतो. म्हणून नाकात दोन तोंडांची नळी, ती मागे भिंतीवरच्या बाटलीला, बाटलीत पाणी, त्यातून ऑक्सिजन बुडबुडत येणार. बाटलीच्या वर एक काचेची नळी, तिच्यात छोटी गोळी तरंगते, आणि बाजूला फिरवायचं बटण. बोटाला चिमटा लावलेला, तो समोरच्या पडद्यावर आकडा दाखवतो. आकडा खाली गेला की मशीन ओरडतं.

बुडबुड ऐकून काकांनी डोळे उघडले. "गलतंय," म्हणाले.

वॉर्डच्या सिस्टर ठाण्याच्याच, जुन्या ख्रिस्ती वस्तीतल्या. गळ्यात बारीक क्रॉस, आवाज असा की सगळा वॉर्ड एकदम सरळ बसायचा. त्या म्हणाल्या, "गळत नाही बाबा, ते तसंच असतं. हवा ओली होऊन आली पाहिजे, नाहीतर नाक सुकेल तुमचं."

काकांनी मान वळवून ती बाटली बघितली. मग बाटलीवरची नळी. मग भिंतीच्या कडेने गेलेला पाइप, दरवाजापासून थेट खिडकीपर्यंत, प्रत्येक खाटेच्या डोक्यावर एक तोटी. बराच वेळ बघत होते. मला वाटलं, बरं झालं, मन रमलं.

दुपारी आकडा घसरला. मशीन ओरडलं. सिस्टर धावत आल्या, चिमटा दुसऱ्या बोटाला लावला, नळी कुठे मुडपलीय का बघितली, मग बटण बघितलं तर बंद. "कुणी केलं हे?" म्हणून त्यांनी वॉर्डबॉयला झापलं. बटण फिरवलं, आकडा चढला. संध्याकाळी पुन्हा तेच. दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा. मधे आकडा ऑक्सिजन चालू असतानाही पहिल्याइतका वर चढेना. डॉक्टरांनी छातीचा फोटो काढला आणि मला बाजूला बोलावलं.

"हे असं वरखाली होत राहिलं तर त्यांना परत आयसीयूत न्यावं लागेल. कदाचित घशात नळी घालून मशीनवर ठेवावं लागेल. या वयात एकदा मशीनवर गेलं की उतरणं सोपं नसतं. त्यांच्या मुलाला कळवा."

मी जिन्यात जाऊन बसले. फोन हातात, पण कुवेतला लावायची हिंमत होईना. त्याला काय सांगू? तुमच्या वडिलांना बघते म्हणाले होते, ते असं बघितलं? मला माझ्या गावची आठवण आली, आईची आली, आणि मग खरं सांगायचं तर शेवटच्या खोलीची आली. काका नसले तर त्या चाळीत आधी शेवटच्या खोलीला कोण सोडणार? असला विचार मनात आला म्हणून स्वतःचीच लाज वाटली आणि मी उठून आत गेले.

आत गेले तर काकांचा हात डोक्यामागे. खोकायला सांगितलं की "पोट फाटेल" म्हणणारा माणूस, मागे न बघता, दोन बोटांत बटण धरून अगदी हलकेच, सवयीने, बंद करत होता. सिस्टरही माझ्या मागेच होत्या.

"काका," सिस्टर म्हणाल्या, "हात खाली."

काकांनी हात खाली घेतला. चेहऱ्यावर चोरी पकडल्याचा मागमूस नाही.

"मरायचंय का तुम्हाला?"

"मना पुरलं. भरला मी." त्यांना एका श्वासात चार शब्दही जमत नव्हते. "आता त्याला जाऊ दे."

"कुणाला?"

काकांनी हनुवटीने दाखवलं. वॉर्डच्या दुसऱ्या टोकाला, खिडकीखाली, शेवटच्या खाटेवर एक म्हातारे गृहस्थ होते. कळव्याचे, शाळेत मास्तर होते असं त्यांची सून म्हणाली होती. त्यांचंही मोठं ऑपरेशन झालेलं, तोंडावर मास्क, आणि छाती अशी वरखाली व्हायची की बघवत नव्हतं.

"लाइन हितनं आत येते," काका म्हणाले आणि दरवाजाकडे बोट केलं. "मी पयला. तो शेवटचा. मी सोडून बसलो तर त्याला काय जाईल? बघा कसा धापतोय."

सिस्टर बटण फिरवून म्हणाल्या, "हा पालिकेचा नळ नाहीये." पण आवाज पहिल्यासारखा राहिला नव्हता.

डॉक्टर आले. त्यांनी स्टूल ओढून काकांना नीट समजावलं. बाहेर मोठी टाकी आहे, ऑक्सिजन भरपूर आहे, दाब मोजणारं यंत्र आहे, कमी झाला तर घंटा वाजते. "पहिली खाट काय, शेवटची काय. प्रेशर सगळीकडे सारखं असतं, काका."

हे वाक्य नको होतं. मला ते ऐकताक्षणी कळलं. काकांनी डॉक्टरांकडे असं बघितलं की बिचाऱ्यांचं ते सर्टिफिकेट गेलंच.

"इंजिनेर पन असंच बोलायचे," काका म्हणाले आणि डोळे मिटले.

"हात बांधून ठेवायचे का?" डॉक्टरांनी सिस्टरना हळू विचारलं. त्यांना ते नको होतं, चेहऱ्यावर दिसत होतं, पण दुसरं काय करणार? पडद्यावरचा आकडा अजून खालीच घुटमळत होता.

डॉक्टरांचं बरोबर होतं, हे मी आजही सांगते. दाब सारखाच होता. मास्तर धापत होते ते त्यांच्या दुखण्यामुळे, काकांच्या बटणामुळे नाही. पण काकांना कोणी बरोबर सांगून उपयोग नव्हता. कोणीतरी शेवटच्या घरात जाऊन उभं राहायला हवं होतं.

"सिस्टर," मी म्हटलं, "मी जरा ओरडू का?"

"काय करू का?"

"ओरडू. एकदाच. तिकडून."

सिस्टरनी घड्याळाकडे बघितलं, डॉक्टरांकडे बघितलं. डॉक्टरांना काही समजत नव्हतं, पण ते म्हणाले, "ओरडू दे."

मी चालत निघाले. तो वॉर्ड फार लांब नव्हता, पण दोन्ही बाजूंना माणसं, शिकलेली, चांगल्या कपड्यांतली, आणि सगळी माझ्याकडे बघत होती. मास्तरांच्या खाटेपाशी गेले. त्यांची सून उठून उभी राहिली. मी तिला म्हटलं, काही नाही ताई, फक्त बघते. वर बघितलं. बाटलीत पाणी खदखदत होतं, आमच्यापेक्षा जास्तच, आणि काचेच्या नळीत गोळी वर जाऊन ताठ उभी. मास्तर मास्कमागून माझ्याकडे बघत होते. मास्तर म्हटलं की मला अजून छातीत धडधडतं. पण मी दरवाजाकडे तोंड केलं आणि पोटातून ओरडले.

"आलं, काका. आलं."

हातातल्या वाट्या, पेपर, फोन, सगळं जागच्या जागी थांबलं. तिकडे पहिल्या खाटेवर काकांनी डोळे उघडले. एवढ्या लांबून काही ऐकू येणार नाही, पण त्यांचे ओठ हलले ते मला कळले.

"फोर्स?" सिस्टरनी तिथून विचारलं. त्यांचं त्यांनीच विचारलं की काकांनी विचारायला लावलं, देव जाणे.

"भरपूर."

काकांनी मान डोलवली. हात पोटावर ठेवले आणि नाकातली नळी स्वतःच नीट केली. पाणीखात्यात जन्मभर नोकरी केलेल्या माणसाने त्या दिवशी पहिल्यांदा आपल्या घरचा नळ सोडून ठेवला. आकडा लगेच नाही चढला. हळूहळू, एकेक करत, चहा येऊन जाईपर्यंत चढला. डॉक्टर दाराशी उभे राहून बघत होते. जाताना मला म्हणाले, "उद्या पण या."

मग ते रोजचंच झालं. काकांचा भरवसा तासा-दोन तासांनी उतरायचा, हात डोक्यामागे जायला लागायचा, आणि मला वॉर्डभर चालत जाऊन बातमी आणावी लागायची. माझी दमछाक बघून मास्तरांची सून म्हणाली, तुम्ही बसा, मी सांगते. ती चांगल्या घरची, हळू बोलणारी. पहिल्यांदा म्हणाली, "काका, इकडे ऑक्सिजन व्यवस्थित येतोय हं." काकांनी ऐकलं न ऐकलं केलं. मी तिला शिकवलं, असं नाही, असं. दुसऱ्या खेपेला तिने जी हाक दिली, तिची तीच दचकली आणि मग हसत सुटली. मधल्या खाटांवरची माणसंही सामील झाली. एकजण तर विचारायला लागला, "काका, आमचा नंबर कधी?" काका म्हणाले, "तू मधला. गप रहा."

आणि एका दुपारी शेवटच्या खाटेवरून फाटक्या, घोगऱ्या आवाजात हाक आली, "आलं." मास्तरांनी स्वतः मास्क बाजूला करून दिली होती. काका ताडकन उठायला गेले आणि टाक्यांनी त्यांना परत आडवं केलं. सिस्टर मास्तरांवर धावल्या, "मास्क काढून ऑक्सिजन आल्याचं सांगताय?" सगळा वॉर्ड हसत होता. काकाही हसले, हसताना खोकले, आणि इतके दिवस अडून बसलेला कफ त्या खोकल्याने मोकळा झाला. फिजिओथेरपीची मुलगी पोटावर उशी धरायला सांगून सांगून थकली होती, तिने कपाळाला हात लावला.

डिस्चार्ज मिळाला, पण डॉक्टरांनी एक अट सांगितली. खोल श्वासाचा व्यायाम रोज करायचा. आठवड्याने दाखवायला यायचं. चालल्यावर आकडा टिकला नाही तर घरी ऑक्सिजनचं मशीन ठेवावं लागेल, दिवसरात्र, नाकात नळी घालून.

काका घरी आले. व्यायामासाठी तीन गोळ्यांचं एक खेळणं दिलेलं, नळीतून हवा आत ओढली की गोळ्या वर जातात. काकांनी ते एकदा बघितलं आणि म्हणाले, "पोराटोरांचं." खिडकीत ठेवून दिलं. मुलगा तोवर कुवेतहून आलेला. तो विनवण्या करायचा, रागवायचा. काका पडून राहायचे, तोच चिमणीएवढा श्वास. चावी दारामागे उभी.

सकाळचं पाणी मी सोडायला लागले. बदामाखाली, त्याच उलट्या बादलीवर बसून. शेवटच्या खोलीचा नळ त्या दिवसांत माझा नवरा बघायचा, तो ओरडायचा. मग एकेक करत सगळ्यात शेवटी काकांचं घर. पहिल्या दिवशी मी त्यांचा व्हॉल्व्ह उघडला आणि बसून राहिले. आत पिंप भरलं, मुलाने बाहेर येऊन सांगितलं, "वहिनी, भरलं, बंद करा."

मी म्हटलं, "तुम्ही नका सांगू. काकांना सांगू दे."

"त्यांना ओरडवत नाही हो."

"मग वाहू दे."

पाणी वाहायला लागलं. मोरीतून अंगणात आलं. काकांच्या घरातून पाणी वाया जातंय, हे चाळीने कधी बघितलं नव्हतं. बायका दारात येऊन उभ्या. आतून खाट करकरली.

"बंद कर गो," बारीक आवाज आला.

"ऐकू नाही आलं," मी म्हटलं. वाटत होतं, उठावं, बंद करावं, पाय धरावेत त्यांचे. "आलं का काका? ओरडून सांगा. मान हितनं दिसत नाही."

मग खोलवर, कण्हत, पोटाला उशी दाबून घेतलेला श्वास मला अंगणात ऐकू आला. कान माझेही आता तसे झालेत.

"आयलं."

मी व्हॉल्व्ह बंद केला.

दुसऱ्या दिवशी आवाज जरा मोठा होता आणि त्यापुढे एक शिवी होती. तिसऱ्या दिवशी दोन. आठवड्याने ठाण्याला गेलो, डॉक्टरांनी त्यांना वॉर्डच्या लांबीइतकं चालवलं, बोटाचा चिमटा बघितला आणि मशीन नको म्हणाले. काका म्हणाले, "बोललो नव्हतो?" ते काहीही बोलले नव्हते.

पण मला आठवते ती त्याच्या आदल्या दिवसाची सकाळ. मी चावी फिरवली, पाणी पुढे गेलं आणि मी विचारायच्या आधीच घरातून हाक आली, अशी की भिंतीपलीकडचे बगळे उडाले.

"आयलं. आयलं गो, शेवटचे. बंद कर, सगलं वाया घालवतंस."